टेबलावरचा माइक आणि वन्संचा सा

सोम. ३ नोव्हेंबर
उपास. वन्संच्या फोनवरच्या गाण्याच्या शिकवणीसाठी माइक आणायला डहाणू रोडला गेले. हे म्हणाले, "ताईला बरोबर ने." नेलं नाही. दुकानदाराने दोन दाखवले. पदराला अडकवायचा चिमट्याचा आणि टेबलावर ठेवायचा. विचारलं, "बोलायला हवा की गायला?" म्हटलं, बोलायला. चिमट्याचा घेतला.

गेल्या गुरुवारचं लिहून ठेवते, विसरायचं नाही. मी संध्याकाळची आरती म्हणत होते. बाहेर वन्संचा वर्ग चालू. फोनमध्ये वापीच्या दोघी बहिणी, तलासरीची तन्वी, आया मागे बसलेल्या. वन्सं मुलींना म्हणाल्या, "बेसूर कशाला म्हणतात ते ऐका. माझी भावजय गातेय." सगळ्या हसल्या. तेवीस वर्षं म्हणतेय देवापुढे. तेव्हापासून आरती मनात.

बुध. ५
वर्ग फसला. वन्संनी सा लावला की दोन-तीन सेकंद ऐकू जातो, मग तिकडे काहीच नाही. बोललेलं मात्र लख्ख. वापीची आई सारखी, "बेन, अवाज कट थाय छे."
वन्सं माझ्यावर, "सुमन, खेळणं उचलून आणलंस. मॅट्रिक ना तू? खोक्यावरचं वाचता येत नाही?"
शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

शुक्र. ७
वन्सं स्वतः जाऊन टेबलावरचा घेऊन आल्या. काळा, जड. पुसायला पिवळं फडकं सुद्धा. मला हात लावू दिला नाही.
संध्याकाळी तेच. सा गायब. तन्वी म्हणाली, "आजी, तुम्ही थांबता का मधेच?"
थांबल्या नव्हत्या. मी दारात उभी होते.

शनि. ८, संकष्टी
समोरची रूपल कॉलेजात शिकवते, फोनवरूनही शिकवते. वाळत घालताना सहज सांगितलं तिला. म्हणाली, "काकू, माइक कुठलाही आणा, तेच होणार. लांब सूर लागला की फोनला वाटतं पंख्याची घरघर आहे, गाळून टाकतो. सेटिंगमध्ये आवाज गाळायचं बटण असतं, ते बंद करा. आत्यांना सांगा हं." कुठे कुठे दाबायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं.
म्हणजे चिमट्याचाही चालला असता.
चंद्रोदयानंतर सांगायचं ठरवलं होतं. नैवेद्य झाला, पानं घेतली. वन्सं म्हणाल्या, "मोदक फाटलेत. हिच्या हाताला कसलाच ताल नाही."
चिठ्ठी देव्हाऱ्यात, करंड्याखाली ठेवली. बाप्पा बघतोय. बघू दे.

मंगळ. ११
वापीच्या दोघी सुटल्या. आईने निरोप धाडला, मुलींना वेळ नाही. आता एकटी तन्वी.
वन्सं घड्याळ समोर ठेवून सा धरतात. सकाळी, दुपारी. मला म्हणाल्या, "माझाच दम संपलाय का गं? मला इथे ऐकू येतो, तिकडे पोचत नाही."
हे म्हणाले, "ताई, वय झालं आता."
ज्येष्ठमधाचा काढा मीच करून दिला. पेला दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

गुरु. १३
डॉक्टरकडे नेऊन आणलं. घसा ठणठणीत. वन्संचा विश्वास नाही. "त्याला काय कळतं, तो ताप बघणारा."
नंतर स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. "सुमन, तू ऐक. खरं सांग, सा टिकतो का."
लावला. शेगडीवर दूध ठेवलं होतं, ते वर येऊन उतू गेलं तरी सा तिथेच. हलला नाही.
मी म्हटलं, "मला कुठलं सुरातलं कळतं? तुम्हीच सांगितलंत ना मुलींना."
वन्सं म्हणाल्या, "तू ते अजून धरून बसलीयस? मुलींना जरा हसवायला म्हटलं मी."
ओटा पुसला. दुधाचा डाग जात नव्हता.
नवरा गेल्यापासून बारा वर्षं आमच्याकडे आहेत. शिकवणी सोडली तर ह्या घरात त्यांचं स्वतःचं काय, तर खाट.

शुक्र. १४
तन्वीच्या आईचा तलासरीहून फोन. गाण्याची परीक्षा जवळ आली, उद्या पाचला एकदा बघू, नाहीतर उंबरगावला एक बाई आहेत. गोड बोलली. फोन मीच घेतला होता.
वन्संना सांगितलं. म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." मग ह्यांना म्हणाल्या, "उद्या नाही जमलं तर तंबोरा आशागडच्या भजनवाल्यांना देऊन टाक. इथे अडगळ नको."
जपाला बसले. माळेचे मणी मोजता मोजता दोनदा चुकले.

शनि. १५, एकादशी
साडेचार. वन्संनी फोन माझ्या हातात दिला. "तू धर आज. मी तंबोरा जुळवते." आत जाताना दारात थांबल्या. "आणि आरतीची वेळ झाली तर म्हण मोठ्याने. शेवटचाच वर्ग. तन्वी नाही हसायची, मी दटावीन."
माफी नाही. पण सात जन्मांत एवढं बोलल्या नसत्या.
की पुन्हा एकदा माझं हसंच करायचंय.

करंडा उचलून चिठ्ठी काढली. रूपलने लिहिलंय तसं एकेक दाबत गेले. बटण सापडलं. निळं आहे, म्हणजे आवाज गाळणं चालू आहे. अजून दाबलं नाही. चिठ्ठीला कुंकू लागलंय.
पाचला पाच कमी. एका हातात फोन, दुसऱ्याने हे लिहितेय. आतून तंबोरा जुळवल्याचा आवाज. आता सा लावलाय. भिंतीपलीकडून सगळा ऐकू येतो.
वाजला फोन. तन्वी.