थोरल्याचं पदक

दादा,

हे पत्र टाकणार नाय, म्हणून खरं लिहितो.

रजा संपवून तू गेलास, पण फौजेतल्या वीस वर्षांच्या नोकरीचं तुझं पदक आयच्या देव्हाऱ्यात हाय. तिला दिसत नाय, तरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात देते. "माझ्या थोरल्याचं," म्हणते. तिला इतकी वर्षं पेणच्या दवाखान्यात नेणारा धाकटा शेजारीच बसलेला असतो.

यंदा गावच्या मंडळाने आपल्या जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात फौजी गणपती सांगितला. छातीवर तुझ्यासारखंच पदक हवं म्हणाले. माझी डोळ्यांची आखणी बघून लोक मुंबईहून मूर्ती न्यायला येतात, आणि गावाला हवं तुझं पदक! मुकाट्याने नेलं, समोर ठेवून मातीत घडवलं, फितीचे रंगसुद्धा तंतोतंत उतरवले.

काल ते परत ठेवायला आलो आणि माझ्याच शर्टाला लावून बघितलं. असंच. तेवढ्यात आय चाचपडत आली. तिचा हात माझ्या छातीवर पडला आणि पदकावर थांबला.

"आलास रं बाबा?"

मी नुसतं "व्हय" म्हणालो.

मग तिने माझा चेहरा कुरवाळला. कपाळ, गाल, हनुवटी. माझ्या कळत्या वयात पहिल्यांदाच.

"किती वाळलास रं! थांब, धाकट्याला सांगते, चहा टाकील तुला."

मी पदक काढून देव्हाऱ्यात ठेवलं आणि चहा टाकायला गेलो.

तुझा धाकटा,
मोरेश्वर