बटर कडेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५.५०
सौ. काल तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. जाताना म्हणाली, आईला बोलावून घेऊ का? म्हटलं, चौथीतल्या एका मुलीचा डबा भरायला माणसं कशाला गोळा करायची? शेवटी असं ठरलं, की डबा एक दिवस जरी उरून परत आला, तरी सासूबाई बॅग घेऊन हजर. मागे त्या चार दिवसांसाठी आल्या आणि दोन महिने राहिल्या. माझ्याच घरात चहाचा कप कुठे ठेवलाय हे मला विचारावं लागत होतं.
डबा उरणार नाही. मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. थरावर थर नीट बसलाय की नाही हे बघणं, हा माझा सोळा वर्षांचा धंदा. सँडविच म्हणजे दुसरं काय असतं?

संध्याकाळी ६.३०
नमुना क्र. १: काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा, चीज. बटर अगदी कडेपर्यंत. बटर म्हणजे प्रायमर. एक कोपरा कोरडा राहिला, की खाणाऱ्याचा सगळ्यावरचा विश्वास उडतो. नंतर ब्रेडच्या कडा कापल्या. फिनिशिंग.
डबा रिकामा. चाटूनपुसून. फोटो सौ.ला पाठवला. सासूबाईंनाही पाठवला, सहजच.

४ फेब्रुवारी, मंगळवार
कापलेल्या कडा फेकवेनात. तव्यावर बटरमध्ये परतल्या, वर मीठ-मिरपूड, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ल्या. हा नाश्ता नव्हे. वेस्टेज कंट्रोल. कन्या येऊन मूठभर घेऊन गेली. तिला सांगितलं, हे भंगार आहे, खरा माल डब्यात आहे.
डबा रिकामा.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कन्येची सूचना: डब्यात चीज नको, तेलकट काही नको, बटरही अगदी नावाला. या वयात तब्येतीची एवढी जाण! माझ्याकडूनच आली असणार. बटरच्या बाबतीत मात्र तत्त्व सोडलं नाही. पातळ लावलं, पण कडेपर्यंत.
उद्यापासून मीही तेलकट बंद.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
कडा जरा जास्तच बटर पितात. तेलकट बंद सोमवारपासून.
नवी सूचना: तुकडे लहान करा. चार त्रिकोणांचे सोळा केले. अजून बारीक चालतील म्हणाली. मुलीला नेमकं कळलंय. एका घासात सगळे थर आले, तरच समाधान.

१० फेब्रुवारी, सोमवार
कन्येने विचारलं, आधी काय कुजतं, काकडी की टोमॅटो? विज्ञानाची गोडी लागतेय. मी आर्द्रतेवर पाऊण तास बोललो. तिने वहीत टिपून घेतलं. या घरात माझं बोलणं कुणी टिपून घेण्याची ही पहिलीच वेळ.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लॅबमधल्या जोडीदाराला सगळी कृती समजावली. त्याने विचारलं, तू स्वतः खाऊन बघितलंस का? म्हटलं, रंग पास करताना आपण चाटून बघतो का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कन्येला उद्यापासून दोन डबे हवेत. मागणी दुप्पट! त्यामुळे कडाही दुप्पट. सकाळी आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून त्या संपवतो. ती दुधात बुडवून खाते आणि वर्गातल्या गमती सांगते. त्यामुळे रोज दहा मिनिटं उशीर होतो. ही सवय मोडायला हवी.
सासूबाईंचा फोन. पोरगी खरंच खाते ना, असं तीनदा विचारलं. वाईट वाटलं त्यांच्यासाठी. माणसाला हार पचवता आली पाहिजे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
वर्गशिक्षिकेची चिठ्ठी: तुमच्या डब्याबद्दल सर्वांसमोर आभार मानायचे आहेत, गुरुवारी दुपारी शाळेत यावे.
मला ठाऊक होतं.
भाषण लिहायला घेतलं. विषय: ‘समाधानाचे थर’. सासूबाईंना स्वतः फोन करून आमंत्रण दिलं. यावं, डोळ्यांनी बघावं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जावं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४.१५
कार्यक्रम शाळेमागच्या बागेत होता. सासूबाई पहिल्या रांगेत. शिक्षिकेने माझं नाव पुकारून मला एका निळ्या पिंपाशेजारी उभं केलं. मग सांगितलं, की चौथीच्या वर्गाचं कंपोस्ट खत शाळेत पहिलं आलं. इतर मुलं फळांच्या साली आणतात, पण या पालकांनी रोज न चुकता ताजा, बारीक कापलेला माल पाठवला. गेल्या आठवड्यापासून तर दोन डबे. टाळ्या.
मला ‘सर्वाधिक नियमित योगदान’ असं प्रमाणपत्र मिळालं. कन्येला पिंपप्रमुखाचा बिल्ला. ती इतकी खूश होती, की भाषण खिशातच ठेवलं.
सासूबाईंनी वाकून पिंपात बघितलं. मग म्हणाल्या, “जावईबापू, थर छान बसलेत हो.”
बॅग त्यांनी येतानाच आणली होती.

संध्याकाळी ७
शांतपणे विचार केला. खत पहिलं आलं, म्हणजे मूळ माल दर्जेदारच असणार. हा मुद्दा सासूबाईंपुढे मांडायचं धाडस झालं नाही.
कन्येला विचारलं, मग इतके दिवस उपाशी राहिलीस का? ती म्हणाली, “नाही बाबा. सकाळी कडा खाते ना तुमच्याबरोबर. त्याच मस्त असतात. पण त्या तुम्ही कधी डब्यात देतच नाही.”


२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.२०
सासूबाई ओट्याचा ताबा घ्यायला साडेपाचलाच उठल्या होत्या. पण कन्येने हट्ट धरला, डबा बाबाच भरतील. सासूबाई खुर्चीत बसून बघत राहिल्या. कडा परतल्या, बटर सढळ, मीठ-मिरपूड. डबा गच्च भरला. दोन कडा सासूबाईंनी मागून घेतल्या. मग आणखी दोन घेतल्या.
मधला पांढरा भाग उरला. त्याचं रीतसर सँडविच केलं. नमुना क्र. १५. आजवर एकही नमुना मी स्वतः खाल्ला नव्हता, तो आज खाल्ला. खुर्चीत बसून, बशीत घेऊन.
अर्धाच गेला. उरलेला अर्धा कन्येने बारीक कापून दुसऱ्या डब्यात भरला. पिंपाला लागतो म्हणाली.