खालच्या गटात

६ ऑक्टोबर
एका वजनगटात एका कॉलेजची एकच पैलवान! विद्यापीठाचा नियम. आणि माझ्याकडे त्रेपन्न किलोच्या दोघी — साताऱ्याची श्रद्धा, माणची स्वप्नाली. एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात. प्राचार्य म्हणाले, "क्रीडा संचालक तुम्ही आहात मॅडम, तुम्हीच बघा." बघा म्हणे! चांगलं झालं तर कॉलेजचं नाव, वाईट झालं तर या विनोदिनीबाईंचं.

श्रद्धाचं पदक त्रेपन्नात पक्कं आहे. तिला हलवायला नको. स्वप्नालीला बोलावलं. पन्नासात उतरशील का? "उतरते की मॅडम. त्यात काय हाय!"

सुटले.

१० ऑक्टोबर
सुटले कसली! पोरगी दोन-दोन जर्किनं घालून भर उन्हात ग्राउंडला फेऱ्या मारतेय. जेवण म्हणजे काकडी. मी लांबून बघते आणि उगाच शिपायावर खेकसते. दोन किलो उतरलं, शेवटचं एक हलत नाही.

१३ ऑक्टोबर
स्वप्नालीची आई आली, धोंडुबाई. माणमधून इस्लामपूरपर्यंत, दोन एसट्या बदलून. डब्यात शेंगदाण्याचे लाडू. "आवं मॅडम, पोरगी निम्मी झाली की वो! आमची मेंढरं बरी दिसत्यात हिच्यापरीस." मी नियम समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग तुमीच खावा," म्हणाली आणि डबा माझ्या टेबलावर ठेवून गेली. दिवसभर त्या डब्याकडं बघवेना.

१५ ऑक्टोबर
स्वप्नाली मॅटवर चक्कर येऊन पडली! श्रद्धानं सावरलं, लिंबूपाणी पुढं केलं तर हिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, बास. तू खेळायचं नाहीस.

तर रडायलाच लागली. गावानं स्टँडवर फ्लेक्स लावलाय — निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन! निवड व्हायच्या आधीच! मोबाईलवर दाखवला. सरपंच, तरुण मंडळ, आणि कोपऱ्यात गोल चौकटीत माझाही फोटो. "आता वजन बसलं न्हाई तर गावात कुठल्या तोंडानं जायचं मॅडम?"

मी ठाम राहायला हवं होतं. "बरं," म्हणाले. माझी मलाच लाज वाटते.

१७ ऑक्टोबर, सांगली
उद्या स्पर्धा. जीव थाऱ्यावर नाही. वजन बसू दे देवा. — नको, नाहीच बसलं तर बरं, निदान जेवेल तरी! कसली बाई मी!

१८ ऑक्टोबर
वजन बसलं. पहिल्याच कुस्तीत स्वप्नाली चितपट. पायात त्राणच नव्हतं. श्रद्धाला सुवर्ण.

पदक गळ्यात घालूनच ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हसेल वाटलं.

"मॅडम, मी वरच्या गटात खेळले असते. वजन वाढवायला मला नुसतं पोटभर जेवावं लागलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाही."