पेन्सिलीचे गुण

दि. १६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच बरं का. खोलीत दोन पलंग आणि एक टेबल मांडल्यावर आडवं व्हायला जागाच उरत नाही.)

दादा, पूर्वपरीक्षा पास झाले! यादीतल्या नंबरावर तीनदा बोट ठेवून पाहिलं, मग विश्वास बसेना म्हणून शेजारच्या पलंगावरच्या मुलीला पाहायला लावलं. पहिल्याच खेपेला होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता दोन महिन्यांवर मुख्य परीक्षा, म्हणजे सगळं हातानं लिहायचं. दीडशे शब्दांचं उत्तर आठ मिनिटांत. माझं घोडं सातव्या मिनिटाला अजून प्रस्तावनेतच असतं. क्लासमध्ये तपासून देतात, पण आम्ही दोनशे जण. माझ्या वाट्याला ‘छान, अजून मुद्दे हवेत’ एवढी एक ओळ येते. तू सहा वेळा ही परीक्षा दिलीस, तुझ्याइतकं यातलं कोणाला कळतं? दर आठवड्याला उत्तरं पाठवीन, पहिली सहा सोबत आहेत. तू दहापैकी गुण दे. दयामाया नको.

फोन परीक्षेपर्यंत घरमालकीणबाईंच्या कपाटात ठेवायला दिलाय, तेव्हा रागवायचं तर पत्रातच रागव. आईला आणि वहिनीला नमस्कार.

लोभ आहेच, तो गुणांतही थोडा दिसू दे.
तुझी,
भिंगरी


दि. २२ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आईनं ते जिन्यातच उघडलं आणि वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. माझ्या वेळी कोणाकडे बोलू नकोस म्हणून बजावायची. तुझ्या वेळी तिला दम निघाला नाही. चालायचंच, धाकट्यांचं सगळं कौतुकाचं असतं.

यंदा पेपर सोपा होता असं ऐकलं. वाईट वाटून घेऊ नकोस, सोपा पेपरही सोडवावाच लागतो.

ऑफिसात नवे साहेब आलेत. हीच परीक्षा देऊन आलेले, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ते आले की आम्ही सगळे उठून उभे राहतो. मी आवक-जावकच्या टेबलाशी, अगदी दारात, त्यामुळे सगळ्यात आधी मीच उठतो. माणूस चांगला आहे. वाईट असता तर जरा बरं वाटलं असतं.

तुझी सहा उत्तरं तपासून सोबत पाठवतोय. सरासरी चार. मुद्दे आहेत, वजन नाही. तू लहानपणापासून पाठांतरात हुशार, पण ही परीक्षा विचारांची आहे. खचू नकोस. दयामाया नको असं तूच लिहिलंयस.

जास्त काय लिहिणे. जास्त लिहून गुण मिळत नाहीत, हे तुला दिसेलच.
दादा


दि. ६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिसरं पाकीट कालच मिळालं. चार, साडेतीन, तीन. मी वर जाण्याऐवजी खालीच येतेय.

आटलेल्या धरणातलं पाणी दोन गावांत कसं वाटायचं, तो प्रश्न आठवतो का? मी छोटा नकाशा काढला होता. क्लासच्या सरांनी ते उत्तर सगळ्यांसमोर वाचलं आणि असं लिहा म्हणून सांगितलं. मी हवेत होते. त्याच उत्तराला तू तीन दिलेस. आता वाटतं, सरांना दोनशे जणांपुढे वाचायला काहीतरी हवंच असतं. तुला मात्र माझ्याशी गोड बोलायचं काही कारण नाही.

दुसरं असं, की माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलंय. भूगोलाच्या शिक्षिकेची जागा आहे, चोवीस तारखेच्या आत कळव म्हणाल्यात. मुख्य परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख बावीस. फॉर्म न भरता शाळेला हो म्हणावं असं मनात येतंय. तू सहा वेळा हे सोसलंस. माझ्या अंगात तेवढा दम नाही. तू सांगशील तसं करते.

प्रेम राहू दे, उत्तरं कशीही असली तरी.
भिंगरी


दि. ११ ऑगस्ट

चि. भिंगरी हीस,
वहिनीचे अ. आ. (तुझ्याहून पाचच वर्षांनी मोठी आहे, पण नात्यानं हक्क मिळालाय तो सोडत नाही.)

आईंचे गुडघे बरे आहेत. माझं दुकान नेहमीसारखंच, दिवसभर औषधं मोजून द्यायची. आता मुद्द्याचं.

तुझं पत्र यांनी मोठ्यानं वाचलं आणि शाळेची नोकरी काय वाईट, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी बुटाला पॉलिश करताना शीळ घालत होते. लग्नाला चार वर्षं झाली, यांना शीळ घालता येते हे मला तेव्हा कळलं.

तुझी पाकिटं दुकानात जाताना मीच टपालपेटीत टाकते आणि टेबलही मीच पुसते. लाल शाईनं गुण देणाऱ्याच्या टेबलावर दर आठवड्याला खोडरबराचा चुरा कशाला पडावा? काल यांना सरळ विचारलं. आधी म्हणाले, कच्चा हिशोब पेन्सिलीनं करतो. मग म्हणाले, पोरगी घट्ट व्हायला हवी, तिच्या भल्यासाठीच हात आखडता घेतो. मी सांगितलं की भल्यासाठी दिलेली मात्रा मला ओळखता येते, आयुष्य त्यातच चाललंय.

भिंगरी, ते सगळे कागद खिडकीशी उजेडात धर आणि लाल आकड्याखाली काय दिसतं ते पाहा. मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

नवऱ्याच्या पाठीमागे चहाडी केली असं नको, म्हणून हे पत्र यांना सांगूनच लिहितेय. ऐकून हे गच्चीवर गेले. अजून खाली आले नाहीत.

माया कमी होऊ देऊ नकोस, आम्हा दोघांवरचीही.
तुझी वहिनी


दि. १४ ऑगस्ट

ती. दादास नमस्कार.

खिडकीशी धरून पाहिलं. अठरा उत्तरं. एकही सुटलेलं नाही. पाण्याच्या उत्तराला पेन्सिलीनं आठ आहेत, त्यावर लाल तीन.

फॉर्मची तारीख बावीस. मी कोणते गुण धरू, तेवढं कळव.
भिंगरी


दि. १७ ऑगस्ट

चि. भिंगरी,
पेन्सिलीचे धर.

हे सगळ्यात आधी लिहितोय, म्हणजे रागानं पुढचं फाडून टाकलंस तरी चालेल. पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय. फॉर्म भर. शाळेला नाही कळव. माझ्यावर चिडून भर, पण भर.

पाण्याचं ते उत्तर मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. वाचता वाचता खाणं राहिलं. सहा वर्षांत मला असं एक उत्तर लिहिता आलं नाही. तुझ्या नकाशात वरच्या गावाची जुनी विहीरसुद्धा होती. मला ती सुचलीच नसती. मी आठ लिहिले. मग समोर पाहिलं तर साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि त्या खुर्चीत तू दिसलीस. मी सहीसाठी रजिस्टर घेऊन उभा. तू वर न बघता सही करतेयस. तू तशी करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी पाहिलं ते पाहिलं. संध्याकाळी घरी येऊन आठ खोडले.

पहिल्या पाकिटाच्या वेळी खोडायला अर्धा तास लागला होता. दोनदा उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा बसलो. तिसऱ्या पाकिटाला काहीच वेळ लागला नाही. हात आपोआप चालत होता. याचीच मला जास्त भीती वाटते.

मला तुझा हेवा वाटतो, भिंगरी. तू पास झालीस म्हणूनच नाही. तू आनंदानं अभ्यास करतेस, याचा. मी दुसऱ्या वर्षानंतर नुसता घाबरूनच केला.

आईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. चष्मा लावून तुझी जी उत्तरं माझ्याकडे तपासायची उरली होती ती दुपारभर वाचत बसली. त्यातलं तिला किती कळलं देव जाणे. शेवटी एवढंच म्हणाली, की माझ्या वेळी ती लोकांत बोलायची नाही ते लाजेनं नव्हे. निकाल वाकडा लागला की लोक विचारतील आणि मी जिना उतरायचा बंद होईन, या काळजीनं. मी इतकी वर्षं वेगळंच धरून बसलो होतो.

यापुढे उत्तरं मला पाठवू नकोस. मी खरे गुण देईन, पण तुला ते खरे वाटणार नाहीत, आणि त्यात तुझी चूक नसेल.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
दादा


दि. २ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, ते येऊ नये हेच योग्य. तू फॉर्म भरलास, सगळे पेपर लिहिलेस, मनगट सुजलं, सगळं वहिनीकडून कळत होतं. ती मला तुझी पत्रं दाखवत नाही, फक्त मोठ्यानं उसासे टाकते. त्यावरून मी अंदाज बांधतो.

आज यादी लागली. ऑफिसच्या संगणकावर पाहिली. तुझा नंबर दुसऱ्या पानावर आहे.

खरं लिहितो. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन फायलींच्या दोन कपाटांमध्ये दहा मिनिटं बसलो आणि रडलो. ते रडणं तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. आनंद त्यानंतर आला. उशिरा आला म्हणून खोटा समजू नकोस. बाहेर येऊन पहिल्यांदा भेटलेल्या शिपायाला सांगितलं, मग साहेबांना, मग रांगेत उभ्या असलेल्या माणसांनाही सांगितलं. त्यांना काय करायचं होतं बिचाऱ्यांना!

जळणं थांबलंय असं लिहिलं तर तेही खोटे गुण दिल्यासारखं होईल. कमी झालंय.

तुझा,
दादा


दि. ६ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला तीन पत्रं लिहून फाडली, हे चौथं.

आधी कडू ते सांगते. दुसऱ्या पेपरात एका प्रश्नाशी मी अडकले. मुद्दे होते, पण लिहिलेलं बरं की वाईट हेच कळेना. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि वेळ संपली. ते पान कोरं राहिलं. ते तुझ्यामुळे. पास झाले म्हणून ते पान भरलं जात नाही.

आता दुसरं. क्लासचे सर, वहिनी, ही खोलीतली मुलगी, सगळे मला छान म्हणत होते. मला वाटायचं, जीव लावतात म्हणून म्हणतात. तुझे पेन्सिलीचे आठ मात्र मला मानावे लागले. तुला ते द्यायचे नव्हते, तरी हातून गेले. परीक्षेच्या सकाळी माझा विश्वास होता तो त्या आठांवर. हे तुला सांगू नये असं ठरवलं होतं, पण खरं ते खरं.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. तोवरचा अभ्यास घरीच करणार. बारा तारखेला दुपारच्या बसनं निघतेय, पाचच्या सुमारास पोचेन. राग अजून गेलेला नाही, तो बरोबर घेऊनच येतेय. आल्यावर तुझ्याशी किती बोलेन ते आत्ता सांगता येत नाही.

तरी स्टँडवर तूच ये. वहिनीला पाठवू नकोस.
भिंगरी