आलेपाकाचा फेस

अण्णा,

तुमच्या आलेपाकाची मी बियर केली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा नेहमीसारखा आडवळणाने मुद्द्यावर येतोय असं तुम्हाला वाटायला नको. आपल्या घरात ‘दारू’ हा शब्दसुद्धा तुम्ही कधी उच्चारू दिला नाहीत. गावात कोणी पिऊन रस्त्यात पडला तर तुम्ही म्हणायचात, ‘त्याला बरं नाहीये, उचला.’ म्हणून मीही तो शब्द वापरत नाही. बियरच म्हणतो. सिंगापूरला चोआ चू कांगमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या जागेत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली मी ती करतो. इथे कायद्याने घरच्यापुरती करता येते, विकता येत नाही. ती मला कोणी शिकवलेली नाही. बोटीवर पुसापुशी करणारा म्हणून चढलो आणि इंजिनं उघडून उघडून इंजिनं शिकलो, तशीच ही. पाच वेळा बिघडली, सहाव्यांदा जमली, आणि आता कोणी ‘कुठे कोर्स केलास’ विचारलं की मला फार बरं वाटतं.

कृती तुम्हाला कळेल, कारण अर्धी तुमचीच आहे. जवाला मोड आणून, वाळवून, भाजतात. ते दाणे भरडून गरम पाण्यात मुरवत ठेवले की त्यातली गोडी पाण्यात उतरते. ते गोड पाणी हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. आंबोळीचं पीठ फुगतं तसं ते आतून काम करायला लागतं. फरक एवढाच की इथल्या उकाड्यात यीस्ट माजतं आणि बियरला शिळ्या केळ्याचा वास येतो. म्हणून मी एक जुना फ्रिज आणला, त्याला तापमान धरून ठेवणारं यंत्र जोडलं आणि त्यात भाजी ठेवायला बंदी घातली. तुमच्या सुनेने त्याला ‘देवघर’ नाव ठेवलंय. पाहुणे आले की सांगते, ‘त्याला हात लावू नका, सोवळ्यात आहे.’

गोळ्या घालायचं खूळ नंतर शिरलं. बेल्जियममध्ये म्हणे बियरमध्ये खडीसाखर घालतात, असं वाचलं आणि वाटलं, खडीसाखर चालते तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? आधी संत्र्याच्या गोळ्या घातल्या. तुमची नात तेव्हा नुकती नोकरीला लागली होती, तांजोंग पगारला. ती ऑफिसातून आली, एक घोट घेतला आणि इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली, ‘बाबा, धिस इज कफ सिरप, लाह.’ मग कॉफीच्या गोळ्या घातल्या. त्या बऱ्या निघाल्या. चिनी दुकानात मिळतात त्या लाल, आंबटगोड चकत्या घातल्या. रंग असा आला की कोणी प्यायला तयार होईना. पण या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. यीस्ट साखर सगळी खाऊन टाकतं. गोडवा शून्य होतो आणि गोळीत साखरेशिवाय जे असेल तेवढंच मागे राहतं. संत्र्याच्या गोळीत काही नव्हतंच, नुसता वास आणि रंग. ज्या दिवशी हे ध्यानात आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरामागच्या त्या जागेत उभ्या उभ्या तुमचं नाव घेतलं.

कारण तुमच्या आलेपाकात साखरेशिवाय काय असायचं हे मला माहीत आहे. घाटाच्या पायथ्याचा आपला एस.टी. स्टँड, मागच्या खोलीतली तुमची भट्टी, जिला आपण मोठ्या तोऱ्यात कारखाना म्हणायचो. तुम्ही आलं सोलता, किसत नाही, पाट्यावर वाटता, कारण किसलं की दोरे राहतात. काळ्या कढईत पाक खदखदतोय. तुम्ही त्यातला एक थेंब वाटीतल्या पाण्यात सोडता, बोटांनी वळता आणि ती गोळी वाटीच्या काठावर आपटून कान देता. आवाज पटला की कढई खाली. मग घोटणं. हात भरून येईपर्यंत घोटणं, पाक दाणेदार होईपर्यंत. तुपाचा हात फिरवलेल्या थाळीत तो ओतला की सगळ्या खोलीच्या डोळ्यांना पाणी येतं. बाहेर गाडी थांबलेली असते, बायका पदर तोंडाला लावून खिडकीतून हात काढतात, आणि तुम्ही ओरडता, ‘आत्ताच तोंडात धरा, वळणं सुरू झाल्यावर उपयोग नाही!’ मी पहिल्या बोटीवर निघालो तेव्हा तुम्ही डबा भरून आलेपाक दिलात आणि एवढंच म्हणालात, ‘बोट लागली तर.’ लागली अण्णा, चांगली लागली. तो डबा मी एडनपर्यंत पुरवला.

आता खरी गोष्ट. तुमच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, चिनी, तिच्या ऑफिसातला. त्याचे वडील, म्हणजे आमचे व्याही, यांनी आयुष्यभर टॅम्पिनीसच्या एका कॉफी शॉपमध्ये पेयांचा स्टॉल चालवला. साखरपुडा आमच्याकडे करायचा ठरला, रविवारी दुपारी, घरच्या घरी. आणि मी सगळ्यांसमोर जाहीर करून बसलो की त्या दिवशी बियर माझी असेल, आलेपाकाची. नात म्हणाली, ‘बाबा, व्हाय? अंकल कॅन ब्रिंग.’ मी तिला म्हटलं, ‘तुझ्या आजोबांनी तुला पाहिलं नाही. त्यांची दुसरी कुठली वस्तू माझ्याकडे नाही, फोटोसुद्धा धड नाही. त्यांचं काहीतरी त्या दिवशी तुझ्या टेबलावर हवं.’ ती हळूच म्हणाली, ‘ओके. पण चांगली पाहिजे हं.’ मराठीत म्हणाली.

मी तुमच्या पद्धतीने आलेपाक केला. आलं वाटलं. पाकाला थर्मामीटर लावला, पण वाटीवर आवाजही ऐकला; दोन्ही जुळले तेव्हा मी घरभर फिरून सांगितलं. घोटला, तूप लावलेल्या थाळीत थापला, वड्या पाडल्या आणि यीस्टचा पहिला जोर ओसरल्यावर बियरमध्ये सोडल्या. बाटल्या तयार झाल्या तेव्हा व्याह्यांना चवीला बोलावलं. चव, अण्णा! गोडी सगळी गेलेली, आणि घशात उतरताना मागून आलं येतं, अगदी तुमचं, वळणावर उपयोगी पडणारं. पण व्याह्यांनी ग्लास तिरका धरून ओतली, वर फेस आला आणि बघता बघता बसला. दूध उतू जाता जाता गॅस बंद केल्यासारखा. ग्लासात नुसतं पिवळं पाणी, त्यातून बुडबुडे वर येतायत आणि वर आले की मरतायत. व्याह्यांनी ग्लास नाकाशी नेला. माणूस सभ्य. म्हणाले, ‘स्मेल व्हेरी नाइस. नेव्हर माइंड, ज्यूस ऑल्सो कॅन.’

ज्यूस! नात हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. व्याह्यांनी जाताना दारात बूट घालत सांगितलं की साखरपुड्याला बियरचे क्रेट ते आणतील, मी काळजी करू नये. मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते इंजिनात बिघाड झाल्यावर करतो तेच. एकेक भाग सुटा केला. यीस्ट तपासलं, ठीक. बाटल्यांतला गॅस तपासला, भरपूर. ग्लासांना साबण राहिला असेल म्हणून सगळे सोड्याने धुतले. आलेपाक न घातलेली तीच बियर ओतली तर फेस बोटभर. म्हणजे दोष तुमच्याकडे येत होता, आणि ते मला मान्यच नव्हतं. मी पुन्हा आलेपाक करायला घेतला, थाळीला तुपाचा हात फिरवत होतो, मध्येच तहान लागली म्हणून बाजूचा बियरचा ग्लास उचलला, तर तुमची सून कडाडली, ‘आधी हात धू! सगळ्या ग्लासावर तेलकट बोटं उठवलीस!’ मी पाहिलं. खरंच उठली होती. काठावर जिथे माझा अंगठा टेकला होता तिथून फेस मागे सरकला होता, भांडण झाल्यासारखा. मी दुकानातल्या बियरचे दोन ग्लास भरले. एकात बोटाच्या टोकावर मावेल एवढं तूप लावलं. त्याचा फेस तिथल्या तिथे गेला, दुसऱ्याचा उभा. मी ओरडलो. सून म्हणाली, ‘भाजलं का?’ मी म्हटलं, ‘अगं, अण्णा सापडले!’

सापडलात खरे, पण आता पंचाईत. तूप लावलं नाही तर वडी सुटत नाही, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं जगात कोणाला नसेल. एकदा तुम्ही मला थाळी तयार करायला सांगितली होती आणि मी गाडी बघायच्या नादात तूप विसरलो होतो. सगळा घाणा थाळीला चिकटला. तुम्ही थाळी उलटी केली, तिच्यावर थापा मारल्या, मग ती माझ्या मांडीवर ठेवलीत. ‘घे. आता ही थाळीच चघळत बस. तुपाचा हात फिरवल्याशिवाय आलेपाक होत नाही, कळलं?’ मी अंगणात बसून दिवसभर ती थाळी चमच्याने खरवडून खाल्ली. ओठ सुजले. संध्याकाळी तुम्ही बाहेर आलात, बाजूला बसलात आणि दुसरा चमचा घेऊन खरवडायला लागलात. रागावलेल्या माणसासारखे दिसत नव्हतात.

सून म्हणाली, ‘वडी हवीच कशाला? पाक ओत ना सरळ.’ रास्त बोलली. पण मग तो आल्याचा पाक झाला, आलेपाक नाही. घोटलेला हवा, दाणा धरलेला हवा, थापलेला हवा, वड्या पडलेल्या हव्यात. यीस्टला फरक कळणार नाही म्हणाली. मला कळेल ना! आमची जुंपली. ती रागाने पिशवी घेऊन खाली बाजारात गेली आणि येताना साखरपुड्याच्या पंगतीला कशी दिसतील ते बघायला महिनाभर आधीच केळीची पानं घेऊन आली. मी त्या गुंडाळीकडे पाहिलं. तीही माझ्याकडे पाहायला लागली. ‘हात लावू नकोस, नमुन्याची आहेत,’ म्हणाली, आणि मग स्वतःच एक पान काढून, पुसून थाळीत बसवलं.

गरम पाक पानावर ओतला तेव्हा पान चुरचुरलं आणि असा वास सुटला की शेजारच्या मलाय बाईंनी दारातून डोकावून विचारलं, काय करताय. गार झाल्यावर मी पान एका कोपऱ्यातून धरलं आणि ओढलं. सुटलं, अण्णा. अख्खं सुटलं, तुपाच्या थेंबाशिवाय. वड्यांच्या पाठीवर पानाच्या बारीक शिरा उमटल्या होत्या.

साखरपुड्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. अंगठ्या झाल्या, साखरेचा पुडा दिला, व्याह्यांनी त्यातली चिमूटभर तोंडात टाकून विचारलं की हीच कँडी का. त्यांचे क्रेट दाराशी तयार होते. माझ्या फेसावर विश्वास ठेवायला माणूस मूर्ख नव्हता. मी नव्या घाण्याची पहिली बाटली त्यांच्याच हातात दिली. आम्ही सगळे ग्लासाकडे बघत उभे, नात माझी बाही धरून. त्यांनी तिरका धरून ओतली, शेवटी सरळ केला. फेस वर आला, काठाच्या वर आला, आणि थांबला. उभा राहिला. पांढरा, दाट, घोटलेल्या पाकासारखा. व्याह्यांनी घोट घेतला, त्यांच्या मिशीच्या जागी फेसाची मिशी, आणि मग आलं पोचलं असावं, कारण डोळे मोठे झाले. ‘वा! स्पायसी, हॉर!’ मग म्हणाले, ‘युअर फादर्स बियर, अ?’ मी म्हटलं, ‘फादर्स कँडी. बियर इज माइन.’ ‘ही ड्रिंक ऑर नॉट?’ ‘नेव्हर.’ त्यावर ते इतके हसले की फेस माझ्या कुर्त्यावर उडाला. क्रेट संध्याकाळी जसेच्या तसे परत गेले.

आणि नात. तिने ग्लास उचलला, सगळ्यांना गप्प केलं. मला वाटलं इंग्रजीत काहीतरी बोलेल. ती म्हणाली, ‘आजोबांना.’ एवढंच. घोट घेतला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या नवऱ्याने, होणाऱ्या, पाठीवर थाप मारली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ग्लास धुतले.

पहिल्या घाण्याच्या, तुपाच्या, बिनफेसाच्या बाटल्या मी टाकून दिल्या नाहीत. सोवळ्यातल्या फ्रिजमध्ये मागे ठेवल्यात, आणि आज सुट्टीच्या दुपारी त्यातलीच एक उघडून हे लिहायला बसलोय. पाहुण्यांसाठी केळीचं पान. माझ्यासाठी तुमचंच तूप.

पत्र अर्थात कुठे टाकायचं नाही. पण खरं सांगू का? तुम्ही असतात आणि हे पोस्टाने जायचं असतं, तर मी इतकं सगळं लिहिलंच नसतं. लिहिलं असतं, ‘साखरपुडा छान झाला. आल्याचं सरबत केलं होतं, सगळ्यांना आवडलं.’