निळ्या चाकांचे नवे टायर

३ मार्च
टायरवाला नाहीच म्हणाला! म्हणजे मोठे टायर आहेत त्याच्याकडे, पण आमच्या चाकांवर नको म्हणतो. "ताई, चाकंही रुंद घ्या. ही द्या भंगारात."
भंगारात — आईने रंगवलेली चाकं!
पुढच्या महिन्यात दादा बाबांना कायमचं त्याच्या घरी नेतोय. त्याआधी बाबांना एकदा डोंगरावर जायचंय. तिथल्या रोपवाटिकेत त्यांची सगळी नोकरी झाली, मी तिथेच वाढले. रविवारी त्यांच्या जुन्या पिकअपमधून निघालो, तर अर्ध्या वाटेत गाडीचं पोट दगडाला खरडलं. परत फिरलो. जेवताना बाबा फक्त म्हणाले, टायर बुटके पडतात.

५ मार्च
पुन्हा हुज्जत घातली. शेवटी तोडगा निघाला — टायर उंच, पण रुंदी या चाकांना झेपेल तेवढीच. फार रुंद घातला तर कडा नीट धरत नाही, वळणावर टायर सुटू शकतो. हे त्याने चहाची बशी आणि कप घेऊन समजावलं. बशी माझीच फुटली.
बोलता बोलता नखाने चाकावरचा निळा रंग खरवडून बघत होता. माझा जीव खालीवर! खिडक्यांना लावून उरलेला रंग तो. माझी आईची सगळ्यात जुनी आठवण तीच — ऊन, माझ्या कमरेएवढं चाक, निळ्याने माखलेला हात, आणि मागून तिचं हसणं.

८ मार्च
टायर बसले!
स्टिअरिंग पुरतं वळवलं की पुढचे टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासत होते. त्याने तेवढं कापून काढलं. तरी उजवीकडे जरा कुरकुर आहेच. म्हातारीला नवे बूट घातलेत, चावणारच, म्हणाला.

९ मार्च
माझ्यासारखी शहाणी मीच. गाडी उंच झाली — आणि बाबांचा पाय वर पोचेना! दगडांवरून गाडी कशी जाईल याचा विचार केला, गाडीत बाबा कसे जातील याचा नाही.
स्टूल ठेवलं, ते डुगडुगलं. उचलायला गेले तर, "मी काय खताचं पोतं आहे?" मग राहू दे म्हणाले. आत गेले, बूट काढले आणि जोडीने भिंतीशी नीट लावून ठेवले. ते नीट लावणं बघवलं नाही.
लहानपणी मला या गाडीत चढता येत नसे. बाबा एक गुडघा जमिनीला टेकायचे, दुसरा पुढे करायचे. "ही घे तुझी पायरी." माझे चिखलाचे पाय त्यांच्या पँटवर, आणि आईचं सुरू — धुवायचं कुणी?

१० मार्च
सकाळी मी दारासमोर गाडी आणली. उतरले, गुडघा टेकला, दुसरा पुढे केला.
बाबा दारात आले.
"मोडशील."
"नाही मोडत. चढा."
चढले. केवढे हलके झालेत!
वर पोचलो. फाटक गंजलंय, वाफ्यांत नुसतं गवत. पण बाबांनी लावलेली झाडं आता त्यांच्याच अंगावर सावली धरून उभी. त्यांनी एकेकाला हात लावला, जशी वर्गात हजेरी घेतात.

११ मार्च
काल निघताना बाबा चाकाशी थबकले. निळ्यावर बोट फिरवून हसले. हा रंग बघून आई आधी केवढी चिडली होती, म्हणाले. नंतर हसत सुटली.
मग लावला कशाला तिने?
"तिने? तू लावलास, चार वर्षांची असताना. मी पुसायला निघालो, तर तिने हात लावू दिला नाही. कधीच."
तो निळा हात माझा होता.