मुकादम जेवत नाही

ता. ९ मार्च

चि. सौ. धाकुटीस वहिनीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस. पण या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं भिंतींनाही पाठ होतं, आणि जे सांगायचं आहे ते मामंजींच्या कानावर नको. म्हणून कागद.

मुकादम जेवत नाही. सगळ्यांच्या कामावर नजर ठेवून बसतो म्हणून सासूबाईंनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं, पण सध्या मुकादमच संपावर गेला आहे. मी त्याला नाक्यावरच्या दुकानातून सुटं खाणं आणते, गोणीतून मोजून देतात ते. वर्षभर तो ते खात आला. आता हुंगतो, माझ्याकडे बघतो आणि परत मामंजींच्या खुर्चीखाली जाऊन पडतो. वाडग्यातलं दुसऱ्या दिवशी कावळ्यांना टाकावं लागतं आणि माझा जीव तुटतो. कुत्र्यासाठी किती आणि अन्नासाठी किती, ते देवालाच माहीत.

तुझ्या दादाच्या कारखान्यात बाटल्यांना मागणी नाही. आठवड्यातले चारच दिवस काम मिळतं, उरलेले दिवस घरात बसून ते पंखा दुरुस्त करतात. पंखा आधी चालत होता.

सासूबाईंनी जाताना माझा हात धरून एवढंच सांगितलं, की मुकादमाला उपाशी ठेवू नकोस. मामंजींबद्दल काही बोलल्या नाहीत, त्यांची खात्री असावी. आणि खरंच, मामंजींचा मला काही त्रास नाही. संध्याकाळी त्यांना वाढून मी देवापुढे वाचायला बसते. उठते तोवर त्यांचं ताट चाटूनपुसून लख्ख. घासायलासुद्धा कष्ट नाहीत.

थकले आहे गं. तुला शिकलेल्या माणसांत वावरायची सवय आहे, काय करावं ते कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
वहिनी

ता. १७ मार्च

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. आईचा कुत्रा उपाशी राहिला तर ती वरून मला टपली मारेल, तुला नाही. तुला तिने कधी मारली नाही.

वहिनी, सुटं खाणं बंद कर. त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पिशवीबंद घे, आणि नेहमीसारखा समोरचा भाव वाचून खाली ठेवू नकोस, पिशवी उलटी करून मागचं वाच. आमच्या कार्यालयातल्या टंकलेखिकेकडे तीन कुत्री आहेत, तिने मला शिकवलं. पहिलं नाव मांसाचं असावं, मक्याचं किंवा कोंड्याचं नसावं. रंग घातलेला नसावा, कुत्र्याला लाल-हिरव्याचं कौतुक नसतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं वेगळं मिळतं, ते माग. आणि एकदम बदलू नकोस, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळ, नाहीतर पोट बिघडेल आणि जिना तुलाच धुवावा लागेल.

मांस म्हटल्यावर तुझी काय पंचाईत होणार ते मला दिसतं आहे. पिशवी गॅलरीत ठेव, देव समजून घेतील.

महाग पडेल. सोबत थोडे पैसे पाठवते आहे, नाही म्हणायचं नाही. आईच्या मागे राहिलेलं तेवढंच एक जिवंत आहे. बाबा आहेतच म्हणा, पण बाबांना कधी काही लागतच नाही. ते फोनवर दोन शब्द बोलतात आणि दादाकडे देतात. त्यांची तब्येत कशी आहे ते मोकळेपणी लिही.

लहान समजून सांभाळून घेतेस, तशीच घेत राहा.

तुझी,
धाकुटी

ता. ११ एप्रिल

चि. सौ. धाकुटीस वहिनीचे अ. उ. आ.

पैसे मिळाले. गॅलरीत आता पिशव्यांचं प्रदर्शन भरलं आहे. तू सांगितलंस तशी पहिली पिशवी आणली, मागचं वाचून, चष्मा पुसून. दुकानदार म्हणाला, बाई, इतकं वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच गिऱ्हाईक आहात, बाकीचे कुत्र्याचा फोटो बघून नेतात. मुकादमाने चार दाणे खाल्ले आणि थांबला. मग त्याहून भारी आणली. ती दोन दिवस खाल्ली. मग दुकानदाराने सर्वांत वरच्या फळीवरची काढून दिली, तिच्यावर परदेशी डोंगर आहे. एका पिशवीत आमच्या घरचं महिन्याचं तेल, साबण आणि चहा बसतो. ती घरी आणली तेव्हा तुझ्या दादाशी बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की या महिन्यात आता कुणी आजारीसुद्धा पडायचं नाही, वर काढायला काही उरलेलं नाही. तेही हसले, मीही हसले. हसण्यासारखं नव्हतं.

डोंगराची पिशवीसुद्धा मुकादम खात नाही. शेवटी त्याला रिक्षात घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काट्यावर चढवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचा डबा पळवला आहे. म्हणाले, याचं वजन वाढलं आहे. उपाशी कुत्रा असा नसतो, याला कुणीतरी रोज पोटभर जेवू घालतं आहे.

मला वाटलं, खालचा भट्टीवाला. मुकादम सकाळी जिन्यात बसतो तेव्हा हाच पाव टाकत असणार. मी तशीच जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत त्याला सुनावलं, की तुमच्या शिळ्या पावापायी आमचे पैसे मातीत जातात. त्याने हाताचं पीठ झटकलं. म्हणाला, वहिनी, माझा पाव संध्याकाळपर्यंत शिळा व्हायला उरत नाही. मला ते उर्मट वाटलं.

मामंजी बरे आहेत. उन्हाळ्याने अंग उतरलं आहे म्हणतात. विजार सैल झाली म्हणून मी नाडी बदलून दिली. फार बोलत नाहीत, पण ते कधी बोलत होते? ताट अजून तसंच लख्ख.

मन विटलं आहे. कुत्रा जेवावा म्हणून देवाला साकडं घालावं का, याचा विचार करते आहे. तुझा लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

ता. २० एप्रिल

चि. सौ. धाकुटीस वहिनीचे अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. आधी सांगते, सगळे धड आहेत. आता वाच.

परवा मामंजींना वाढून देवापुढे बसले, तर काड्यापेटी ओट्यावर राहिलेली. घ्यायला परत आले. मामंजी खुर्चीत वाकून बसले होते. ताट टेबलावर नव्हतं. ते त्यांनी गुडघ्यांशी धरलं होतं आणि मुकादम त्यातून भात, वरण, भाजी, सगळं सावकाश, आवाज न करता खात होता. त्यालाही शिकवलेलं असावं. मामंजींनी एका हाताने गाल धरला होता. कवळी खिशात, रुमालात गुंडाळलेली.

मी दारातच उभी राहिले. त्यांनी पाहिलं आणि ताट पटकन वर ठेवलं, शाळेतल्या पोरासारखं.

सगळं काढून घ्यायला वेळ लागला. कवळी हिरड्यांना लागते. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्याही आधीपासून. आधी सैल होती, मग घासायला लागली, आता आत जखम आहे. चहात पाव बुडवून आणि दुपारच्या दुधावर ते जगत होते. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, सांगणार होतो, पण तेवढ्यात मुकादमाचं खाणं महाग झालं. आणि मग म्हणाले, त्या दिवशी तू म्हणालीस ना, की कुणी आजारी पडायचं नाही, म्हणून मग मी ठरवलं, आपण नाही पडायचं.

धाकुटी, आता तूच जुळव. ते जेवत नव्हते म्हणून मुकादमाचं पोट भरत होतं. मुकादमाचं पोट भरलेलं म्हणून तो वाडग्याला तोंड लावत नव्हता. तो तोंड लावत नव्हता म्हणून मी भारी, त्याहून भारी पिशवी आणत होते. आणि पिशवी भारी म्हणून ते गप्प. रोज संध्याकाळी हे चालू असताना मी भिंतीपलीकडे बसून सर्वांना अन्न मिळो म्हणून मोठ्याने वाचत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, की या महागड्या खाण्यात खरोखर काही आहे का. ते म्हणाले, सुट्यापेक्षा चांगलं पिशवीबंद घ्यावं, त्याचे पैसे वाया जात नाहीत. अंगावरचे केस आणि सकाळचं शौच बघत जा, ते नीट असलं की खाणं नीट आहे. डोंगराची पिशवी विशिष्ट दुखण्यांसाठी असते, याला ते दुखणं नाही. मधली पुरे. मी वरच्या फळीवरची, जेमतेम मूठभर काढलेली, परत केली. दुकानदाराने कुरकुर केली, पण घेतली.

भट्टीवाल्याकडेही माफी मागायला गेले. चार गिऱ्हाइकांदेखतच गेले, बोलले होते तशीच. त्याने ऐकून घेतलं आणि मामंजींसाठी मऊ पाव बांधून दिला. पैसे घेईना. मी ठेवून आले.

आता मी वाचन मामंजींचं जेवण झाल्यावर करते. देवाला सांगितलं, थोडा वेळ थांबावं लागेल.

कवळीचं बघायला हवं. फार थकल्यासारखं झालं आहे, पुढे लिहवत नाही. आमच्यावर मन असू दे.

तुझी,
वहिनी

ता. २७ एप्रिल

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कार्यालयात फोडलं ही चूक झाली. टंकलेखिकेने पाणी आणून दिलं.

बाबांना काही लागत नाही, असं मीच तुला लिहिलं होतं. दर पत्रात मी आधी कुत्र्याची चौकशी केली. तू स्वतःला बोल लावू नकोस, तुझ्या आणि बाबांच्या मध्ये एक भिंत होती, माझ्या आणि त्यांच्या मध्ये अख्खा प्रवास आहे.

कवळीचे पैसे सोबत आहेत. दाताच्या डॉक्टरांना आधी जखम बरी करायला सांग, माप मग. दादाला म्हणावं, पंखा सोड आणि बाबांबरोबर जा.

मुकादमाला माझ्यातर्फे रागाव. नंतर कुरवाळ.

आठवण ठेवत राहा, मीही ठेवते.

तुझी,
धाकुटी

ता. १४ जून

चि. सौ. धाकुटीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहितो आहे याचं आश्चर्य वाटेल. तुझी आई लिहायची तेव्हा मी खाली सही करायचो, तेवढाच माझा अनुभव आहे.

कवळी बसली. पहिले काही दिवस तोंडात दुसऱ्याचं सामान असल्यासारखं वाटलं, आता माझंच वाटतं. भाकरीचा कडक काठही चावतो. मुकादमाने काही दिवस खुर्चीखाली बसून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा विश्वासघात केला. मग मधल्या पिशवीतलं खायला लागला. तोंड वाकडं करून खातो, पण वाडगं रिकामं करतो. तुझ्या वहिनीला तेवढं पुरे आहे.

आता कामाचं. वहिनी हल्ली माझ्या जेवणाच्या वेळी समोर येऊन बसते, मी खरंच गिळतो की नाही हे बघायला. ती मला बघते म्हणून मीही तिला बघतो. इतकी वर्षं ती वाढून निघून जायची, तिचं ताट मला कधी दिसलं नव्हतं. आता दिसतं. माझं भरपूर, तुझ्या दादाचं भरपूर, आणि तिच्या ताटात पातेल्याच्या तळाला लागलेलं. विचारलं तर म्हणते, वाढता वाढताच पोट भरलं. ताट कलतं धरून भात पसरवते, म्हणजे जास्त दिसावा. ही विद्या मला चांगली येते, म्हणून लगेच ओळखली.

मी बोललो तर ती देवाचं नाव घेऊन विषय बदलते. दादाला सांगितलं, तो म्हणाला, ती पहिल्यापासून कमीच जेवते. पहिल्यापासून कुणी पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सून माझी, पण माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल. लग्न होऊन आली तेव्हा तुला मांडीवर घेऊन तिनेच भरवलं आहे.

रजा मिळाली की ये. पैसे पाठवू नकोस, ते ती माझ्या दुधावर आणि मुकादमावर घालेल. येताना भूक घेऊन ये. तिला शेजारी बसव, दोघींची ताटं एकदम वाढायला लाव, आणि तिचं तुझ्याएवढं भरेपर्यंत तू घास घेऊ नकोस. तुला उपाशी बसवणं तिला जमणार नाही.

हे पत्र तिच्या हाती देत नाही, स्वतः जाऊन पेटीत टाकतो. मुकादम बरोबर येईल.

वाट पाहतो आहे, एवढंच समज.

तुझे,
बाबा